पाय जोडणार नाही

सुभाष रोडवर कुंभारणी टोपल्या घेऊन बसल्या की मला कळतं, अमावास्या आली. ज्येष्ठातली. इकडे तिला मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात, म्हणजे मातीच्या बैलांची. पोतं अंथरून त्यावर जोड्या मांडलेल्या असतात. ओली काळी माती, बोट लावलं तर ठसा उमटेल अशी. डोळ्यांच्या जागी जोंधळ्याचे दाणे, आणि जोडीबरोबर एक इवलीशी गव्हाण. यंदा रंगवलेले बैलही आले होते. पांढरेफेक, पाठीवर सोनेरी झूल, ओठ लाल. बैलाला लाल ओठ! मी काळ्या जोडीकडे बोट दाखवलं. कुंभारीण म्हणाली, "अक्का, रंगाचे घ्या की. पोरांना आवडत्यात." मी मान हलवली, जोडी पदराखाली धरली आणि घरी आले.

माझ्या माहेरी, कागलकडे, बेंदराला मातीचे बैल पुजायचे. पुरणपोळी दाखवायची, दुसऱ्या दिवशी ओढ्यात सोडायचे. संपलं. धारवाडला लग्न होऊन आले तेव्हा इथली एक वेगळी रीत पाहिली. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी मुलं एका बैलाचा पाय मोडतात. मुद्दाम. मग तो लंगडा बैल, कुंटेत्तु, ताटलीत घेऊन दारोदार फिरतात. आमचा बैल लंगडा झालाय, जोंधळे घाला, असं ओरडतात. लोक हसत हसत मूठभर घालतात. पहिल्या वर्षी मला नवल वाटलं. दुसऱ्या वर्षी मी दारात जोंधळ्याचं सूप घेऊन उभी राहिले. तिसऱ्या वर्षी शेजारच्या शांतक्का म्हणाल्या, "आता तू आमचीच झालीस बघ." मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मी विसरलेले नाही, कारण पुढं जे झालं त्यात त्याचाही हात होता.

ज्या वर्षाचं मला लिहायचं आहे त्या वर्षी माझी मुलगी शुभा पहिलीत होती. कोपऱ्यावर नुकतंच एसटीडीचं पिवळं बूथ आलं होतं आणि त्या बूथशेजारी यल्लप्पाची पत्र्याची शेड होती. यल्लप्पा बैलगाडीवाला. बाजारातली पोती, कापडाचे गठ्ठे तो एका बैलाच्या गाडीतून दुकानांना पोचवायचा. आमच्या ह्यांच्या कापडाच्या दुकानाचा मालही तोच आणायचा. त्याच्या बैलाचं नाव सोम्या. राखी रंगाचा, एका कानाला चीर पडलेली. शाळेला जाताना शुभा त्याच्या कपाळाला हात लावून जायची आणि तो नाकानं फुस्स करायचा. तिला वाटायचं तो तिला टाटा करतो. मलाही तसंच वाटायचं, खरं सांगायचं तर.

त्या ज्येष्ठात रिपरिप लागली होती. उताराच्या फरसबंदीवर भरल्या गाडीसकट सोम्याचा पाय घसरला. पुढचा, डावा. मी पाहिलं नाही, आवाज ऐकला. बैल ओरडतो तेव्हा माणूस ओरडल्यासारखं वाटतं, हे तोवर मला माहीत नव्हतं. चार माणसांनी त्याला शेडपर्यंत आणलं. मग तो तिथंच. पाय सुजून केळीच्या कोक्यासारखा झाला होता. यल्लप्पा कडुलिंबाचा पाला वाटून हळद घालून बांधायचा, काढायचा, परत बांधायचा. येणारे-जाणारे थांबून सल्ला द्यायचे आणि पुढं जायचे. मीही जात होते. सल्ला द्यायला मला तोंड नव्हतं, एवढाच फरक.

आणि त्याच आठवड्यात अमावास्या आली.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शुभा बैल घेऊन स्वयंपाकघरात आली. मागं गल्लीतली चार मुलं. "आई, पाय मोडत नाही. वाळलाय." मी पोळ्या लाटत होते. हात पुसला, बैल उलटा धरला आणि अंगठ्यानं दाबला. पुढचा डावा. कट् झालं. मुलं ओरडली, "कुंटेत्तु! कुंटेत्तु!" मी हसले. मोडलेला तुकडा चुलीपुढं टाकला आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

मग आवाज ऐकत दारात येऊन उभी राहिले. मुलं एकेक घर करत यल्लप्पाच्या शेडपाशी पोचली. त्यांना काय, ते एक दारच. शुभानं ताटली पुढं केली आणि सगळ्यांनी मिळून ओरडून सांगितलं की आमचा बैल लंगडा झालाय, जोंधळे घाला. यल्लप्पा सोम्याच्या पायाशी बसला होता. त्यानं ताटलीतला बैल पाहिला. कुठला पाय मोडलाय तेही पाहिलं. म्हणाला, "ह्याचा पाय कोण मोडलं गं, अव्वा?"

शुभा खोटं बोलायची नाही. "आईनं मोडला."

यल्लप्पानं मान वर करून माझ्या दाराकडे पाहिलं. मी आत जायला हवं होतं, गेले नाही. तो उठला, शेडमधून ओंजळभर जोंधळे घेऊन आला. अर्धे ताटलीत घातले, अर्धे सोम्यापुढं. "बरं हाय," तो म्हणाला, "तुमच्या लंगड्याला घर घर जोंधळे मिळत्यात." रागानं नाही बोलला. रागानं बोलला असता तर मी आजवर विसरून गेले असते.

पुढच्या आठवडी बाजारानंतर शेडमध्ये खुंटा होता, दावं होतं, सोम्या नव्हता. शुभानं विचारलं, "सोम्या कुठं गेला?"

मी म्हटलं, "गावाला गेला."

"लंगडत?"

मी तिचं दप्तर उचलून आत नेलं. तिनं परत विचारलं नाही. पण आमच्या घरातला तीन पायांचा बैल तिनं विहिरीत टाकू दिला नाही. खिडकीत ठेवला. तो कलंडायचा म्हणून त्याच्या पोटाखाली काडेपेटी लावली. रोज शाळेतून आली की चार दाणे गव्हाणीत टाकायची. मी ते बघायची आणि माझ्याच्यानं बघवायचं नाही. मोठ्या बाईनं लहान पोरीला खोटं सांगितलं होतं आणि पोर माझ्यापेक्षा शहाणी होती.

दुकानाच्या पायरीवर शिंपी बसायचा. त्याच्याकडच्या चिंध्या मी आधीपासून आणायचे, गोधडीसाठी. त्या पावसाळ्यात गोधडी बाजूला राहिली. कॉलरमध्ये घालतात त्या जाड बकरमची पानं कापली, तळहाताएवढी, दहा. त्यावर मांजरपाट चढवलं. राखी पँटपीसचा सोम्या कापला, काळ्या अस्तराचे मातीचे बैल. पोलक्याच्या लाल तुकड्याचं शुभाचं परकर-पोलकं. कडा साखळी टाक्यानं शिवल्या. पानाच्या खाली एकेक ओळ बॉलपेननं लिहिली. अक्षर माझं चौथीतलंच आहे, मोठं आणि सुटं, पण पहिलीच्या मुलांना तेच वाचता येतं.

मातीच्या बैलाचे तीन पाय मी शिवले. चौथ्याच्या जागी नुसता दोऱ्याचा आकार काढला आणि आत कापड लावलं नाही. तिथं बोट फिरवलं की खड्डा लागतो.

पाचव्या पानावर लिहिलं: पाय कुणी मोडला? पान उलटलं की एक बाई पोळी लाटते आहे. खाली ओळ: मी मोडला. सातव्या पानावर सोम्या. आठव्यावर नुसता खुंटा आणि दावं. शेवटच्या पानावर खिडकी, काडेपेटी, तीन पायांचा बैल आणि चार दाणे. ओळ अशी: तो लंगडा आहे. तो आमचा आहे.

शुभानं ते पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा वाचलं नाही. बोटानं पाहिलं. आठव्या पानावर दाव्याचा सुतळीचा तुकडा होता, तो ओढून पाहिला. मग मला म्हणाली, "गावाला नाही गेला ना?"

"नाही," मी म्हटलं.

रडली ती. मीही. शांतक्का खिडकीतून डोकावल्या, "एनवा, काय झालं? कोण गेलं?" शुभानं सांगितलं, "सोम्या." शांतक्का हसायला तोंड उघडून तशाच थांबल्या. मग आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव बघू." त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. आठव्या पानापाशी त्यांनाही वाचायची गरज लागली नाही.

त्यानंतर मी थांबले नाही. परटाचं गाढव केलं, दोन पायांना दोरी बांधलेलं. बाळंत मांजर केली, पिलं दुसऱ्याच्या माळ्यावर नेऊन सोडलेली. पिंजऱ्यातला पोपट केला, आणि पिंजऱ्याच्या गजांसाठी खरी केरसुणीची काडी वापरली. मुलांच्या गोष्टींत गाढव मूर्ख असतं, कोल्हा लबाड, कुत्रा इमानी. हे कुणी ठरवलं? गाढवाला कुणी विचारलं? भर उन्हात चौकात उभं राहून ते विचार करत असेल की माझी पाठ का सोलली. आमच्या चौथीच्या पुस्तकात एक धडा होता, त्यावर निबंध यायचा: बैल आपल्याला काय काय देतो? मी दहापैकी आठ मार्क मिळवले होते. आपण बैलाला काय देतो, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्या वयात काय लिहिलं असतं? चारा, असं लिहिलं असतं.

लोक म्हणायचे, मुलांना कशाला दुःख दाखवायचं? मी मनात म्हणायची, मुलांना सगळं आधीच दिसलेलं असतं. गल्लीच्या तोंडाला सोम्या उभा होता, झाकून ठेवला नव्हता. मोठ्यांना फक्त आपण काय केलं ते झाकायचं असतं. मनात म्हणायची. आता इथं लिहिते आहे, आणि खोडणार नाही.

त्या पावसाच्या शेवटी यल्लप्पा दुकानात हातगाडीवरून गठ्ठे घेऊन आला. मी डबा द्यायला गेले होते. पिशवीत पुस्तक होतं. का काढलं ते माहीत नाही. काढलं आणि पायरीवर त्याच्या हातात दिलं. त्यानं हात धोतराला पुसले. पहिलं पान बघून हसला. "अक्का, शिंगं म्हशीची लावलीत की ओ!" खरंच तशी होती, मागं वळलेली. मग पानं उलटत गेला. बाई पोळी लाटते त्या पानावर माझ्याकडे पाहिलं नाही. खुंट्याच्या पानावर बराच वेळ थांबला. शेवटच्या पानावर त्याचं जाडं बोट त्या रिकाम्या जागेत गेलं.

"इथं काय लावलं न्हाई?"

"नाही."

"लावू नका," तो म्हणाला. पुस्तक माझ्या हातात दिलं आणि गठ्ठा उचलला.

शिंगं मी त्याच रात्री उसवली आणि नीट लावली.

पुस्तकाची गोष्ट ह्यांच्या तोंडून दुकानात आलेल्या एका सरांपर्यंत गेली. सर गावातच, सप्तापूरला राहायचे, कॉलेजात शिकवायचे आणि हौसेनं मुलांची छोटी पुस्तकं छापायचे. त्यांनी बोलावलं. हे मला स्कूटरवरून घेऊन गेले. मी जरीकाठाची साडी नेसले होते आणि वाटभर पुस्तकाची पिशवी छातीशी धरून बसले होते. छापलेल्या पुस्तकावर माझं नाव येणार, हे मी कुणाला बोलले नव्हते. पण आरशात पाहून ते नाव दोनदा हळू म्हणून पाहिलं होतं.

सर भले गृहस्थ. पुस्तक त्यांनी फुलासारखं हाताळलं. ऱ्हस्व-दीर्घ तीन ठिकाणी सुधारलं, मी मान हलवून हो म्हटलं. त्यांच्या बाईंनी अवलक्की, म्हणजे पोहे, आणून ठेवली. सर म्हणाले, "वहिनी, हात गोड आहे तुमचा. हे आपण छापू. फक्त दोन गोष्टी. आईनं पाय मोडला, हे बरं दिसत नाही. एक वाईट मुलगा घालू. आणि शेवटी पाय जोडून टाका. देवानं जोडला म्हणा, मुलांच्या प्रेमानं जोडला म्हणा. लहान मुलं आहेत, हसत झोपली पाहिजेत."

हे लगेच म्हणाले, "जोडेल की. एका दुपारचं काम."

मी चहाच्या कपात बघत होते. सायीचा एक तुकडा फिरत होता. आमच्या गल्लीत वाईट मुलगा कुठला आणू? त्या दिवशी पाच मुलं होती, पाचही चांगली. पाय मोडणारी बाई चांगली होती, तिच्या पोळ्या मऊ होत्या. वाईट कुणी नव्हतंच, तेच तर सांगायचं होतं. आणि पाय जोडला तर सोम्या कुठं गेला म्हणून सांगू? परत गावाला?

हे सगळं मी बोलले नाही. एवढंच बोलले, "पाय जोडणार नाही."

सरांना नीट ऐकू गेलं नसावं. "काय म्हणालात?"

"पाय जोडणार नाही. मुलगाही घालणार नाही."

खोलीत पंखा फिरत होता. ह्यांनी घसा खाकरला. सर नाराज झाले नाहीत, उलट हसले. म्हणाले, "विचार करा, वहिनी. घाई नाही. शिक्षण कमी असलं की कधी कधी..." आणि पुढचं बोलले नाहीत. त्यांच्या बाईंनी बशी पुढं सरकवली. "अवलक्की घ्या ना, तुम्ही काहीच घेतलं नाही."

मी घेतली. दोन घास खाल्ले. पुस्तक पिशवीत घातलं.

परतताना हे स्कूटरवर म्हणाले, "नाव छापून आलं असतं. बैलापेक्षा हट्टी आहेस तू."

"बैल हट्टी नसतो," मी त्यांच्या पाठीला म्हटलं. "हट्टी असता तर गाडीला जुंपू दिलं असतं का त्यानं?"

दोन दिवस ह्यांनी जेवताना भाजीला नाव ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुकानातून येताना मीटरभर बकरम घेऊन आले, शिवणयंत्रावर ठेवलं आणि म्हणाले, "उरलं होतं." बकरम मीटरभर उरत नाही, हे कापडवाल्याच्या बायकोला कळतं.

ते पुस्तक छापलं गेलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. अजून सुभाष रोडवर पुस्तकांच्या दुकानाच्या काचेत मुलांची गुळगुळीत पुस्तकं दिसली की मी पायांकडे बघते. सगळ्या प्राण्यांना चारी पाय असतात, सगळे हसत असतात. वाघसुद्धा. मी हसणाऱ्या प्राण्यांच्या वाटेला गेले नाही. कुणी म्हणेल, चौथी शिकलेल्या बाईला पुस्तकातलं काय कळतं. म्हणू दे. पुस्तकातलं नसेल कळत. मला त्या पायातलं कळतं, तो माझ्या अंगठ्याखाली मोडला होता.

आता शुभा हुबळीला केशवापूरमध्ये नोकरीला जाते, सिटी बसनं, रोज. यल्लप्पाच्या शेडच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान झालं आहे. यल्लप्पा नाही. माझी सोळा पुस्तकं झाली, सगळी कापडाची, सगळ्यांची एकेकच प्रत. दुपारी कट्ट्यावर गल्लीतली मुलं येतात आणि वाचतात, म्हणजे बोटं फिरवतात. गाढवाची दोरी ओढून ओढून तीनदा तुटली, मी परत लावली. लंगड्या बैलाच्या रिकाम्या पायाची जागा इतक्या बोटांनी काळी झाली आहे की तिथं आता पाय असल्यासारखाच दिसतो. मी ते पान धुतलं नाही.

आणि दर वर्षी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन दारात उभी राहते. मुलं आली की जोंधळे घालायच्या आधी विचारते, "पाय कुणी मोडला?" मुलं हसतात. पडला, म्हणतात. आपोआप मोडला. ह्यानं मोडला, नाही त्यानं मोडला. मी जोंधळे घालते. रीत मोडायला मी बाहेर पडलेले नाही, मला तेवढा आवाजही नाही. पण विचारल्याशिवाय घालत नाही. शांतक्का अजून म्हणतात, "झाली हिची कोर्टकचेरी सुरू."

यंदा तीनच मुलं आली. टीव्हीवर काहीतरी होतं म्हणे. ताटली मंजूच्या हातात होती, आमच्या मागच्या घरातली, दुसरीतली. परकराला चिखल लागलेला. तिचं ओरडून झालं. मी विचारलं, "पाय कुणी मोडला?"

बरोबरचा मुलगा म्हणाला, "पडला!"

मंजू म्हणाली, "नाही काकू. मी मोडला."

माझा हात सुपातच राहिला. तिनं मूठ उघडून दाखवली. मोडलेला पाय तिच्या तळहातात होता, घामानं ओला झालेला. "टाकला नाही मी. जोडायचा का?"

इतकी वर्षं मी एकच उत्तर पाठ केलं होतं. पण ती सप्तापूरच्या सरांसारखं विचारत नव्हती. मी म्हटलं, "बघ जोडून."

ती पायरीवर बसली. पायाला थुंकी लावली, दाबून धरला. सोडला की गळाला. परत लावला. परत गळाला. मुलगा कंटाळून म्हणाला, "चल ना, पुढच्या घरी." तिनं तुकडा परकराच्या खिशात ठेवला आणि मला म्हणाली, "बसत नाही, काकू."

"हो," मी म्हटलं. "बसत नाही."

मी ताटलीत ओंजळभर जोंधळे घातले. ती उठली. मुलगा पुढं पळाला, पण ती पळाली नाही. एका हातात ताटली आणि दुसऱ्या हाताचं एक बोट तिनं बैलाच्या पोटाखाली, जिथं पाय नव्हता तिथं धरलं होतं. रिचार्जच्या दुकानापर्यंत, वळणापर्यंत मी पाहत राहिले. तिनं बोट काढलं नाही.